सुबाभळीच्या लगद्याचा कप्पा नंबर (त्यात उरलेल्या लिग्निनचं, म्हणजे लाकडातल्या तंतू चिकटवणाऱ्या घटकाचं माप) खाली येईना, अल्कली अजून वाढवू का?

कृष्णाकाठ_केमिकल: सांगलीत एम.टेक. करतोय, प्रोजेक्ट क्राफ्ट पल्पिंगवर आहे, म्हणजे लाकूड अल्कली आणि सल्फाइडच्या द्रावणात (लिकरमध्ये) शिजवून कागदाचा लगदा करणं. सुबाभूळ मिरजेच्या एका वखारीतून आणली, तिथंच कुऱ्हाडीनं ढलप्या काढून घेतल्या. १६५ डिग्री, सल्फिडिटी (अल्कलीतला सल्फाइडचा वाटा) २५ टक्के, अ‍ॅक्टिव्ह अल्कली (लाकडाच्या वजनाच्या मानानं) १६ वरून २० टक्क्यांवर नेली तरी कप्पा २६-२७ वर अडकलाय आणि यील्ड (लाकडातनं मिळणारा लगदा) मात्र घसरतंय. रिसर्च पेपरांत हार्डवूडला (सुबाभळीसारखं रुंद पानांच्या झाडाचं लाकूड) १५ ते २० सहज दाखवतात राव. गाईड म्हणतात अजून वाढव.

मिलवाले_काका: बाळा, अल्कली राहू दे बाजूला, आधी शिजलेल्या मालातली एक जाड ढलपी काढ आणि नखानं उकलून बघ. वरनं मऊ आणि आत तांबूस टणक गाभा असला तर दुखणं तिथंच आहे, कारण लिकर ढलपीत सगळीकडनं आत जातं त्यामुळं लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची, आणि कुऱ्हाडीच्या ढलप्या म्हणजे एक ३ मिलिमीटर तर दुसरी १२. पातळ जळतात, जाड कच्च्या राहतात, सरासरी कप्पा वर. ८ मिलिमीटरच्या वरच्या चाळून काढ. आणि शिजवायच्या आधी वाफ दे, वाळक्या लाकडातली हवा निघाल्याशिवाय लिकर आत शिरत नाही. मग १००-११० डिग्रीला थोडं मुरू दे. जास्तीची अल्कली हेमिसेल्युलोज (तंतूतला लगद्यात राहायला हवा तो घटक) खाते, यील्ड तिथंच जातंय तुझं.

लगदा_ब्लीच: काकांशी सहमत, पण अल्कली फार कापू पण नका. शेवटी काळ्या लिकरचा (शिजवून झाल्यावर उरलेलं द्रावण) पीएच १२ च्या खाली गेला तर विरघळलेलं लिग्निन परत तंतूवर बसतं. लगदा नीट धुतला का? उरलेलं काळं लिकर पण कप्प्याच्या चाचणीतलं परमँगनेट खातं. आणि हार्डवूड शिजताना त्यातल्या हेमिसेल्युलोजपासून तयार होणारं हेक्सेन्युरोनिक अ‍ॅसिड पण कप्प्यात मोजलं जातं, त्यामुळं १५ च्या खाली शिजवून न्यायचा हट्ट नको, तिथनं पुढं ऑक्सिजन स्टेज (ऑक्सिजननं उरलेलं लिग्निन काढणं). हेक्सेन्युरोनिक त्यानंही जात नाही, त्याला पीएच ३-३.५ चा गरम अ‍ॅसिड वॉश लागतो.

कुपवाडकर: ०.०५ टक्के अँथ्राक्विनोन (लिग्निन लवकर सुटायला मदत करणारं रसायन) टाकून बघ, फरक पडतो. फक्त खाण्याच्या पॅकिंगचा कागद असेल तर नको, जर्मनीच्या बीएफआरनं (जोखीम तपासणारी सरकारी संस्था) २०१३ ला ते अशा कागदाच्या शिफारशीतनं काढलंय.

कृष्णाकाठ_केमिकल: काका, उकलून बघितली, आत सुपारीसारखा गाभा! चाळणी कुठं मिळंल, ८ मिलिमीटर फटीची?

मिलवाले_काका: विकत कशाला, फॅब्रिकेशनवाल्याकडनं पट्ट्या वेल्ड करून घे. गोल भोकाची नको, जाडी फटीतनंच कळते.