आवाज जाड असणं वेगळं, सूर घसरणं वेगळं

पारलिंगी कलाकाराच्या लावणीला नावं ठेवली की लगेच द्वेष्टा ठरवतात, ही काही प्रेक्षकांची तक्रार मला अर्धीच पटली. नाशिकच्या कालिदास कलामंदिरातून कार्यक्रम पाहून आलात, तर जे ऐकलं-पाहिलं त्यावर बोला ना.

'आवाज पुरुषी वाटतो' ही टीकाच नव्हे. एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेऊन पुन्हा बारीक होत नाही. पण पेटी काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत, आणि अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, वारंवार उतरतोय, असं असेल तर खुशाल लिहा. पट्टी खाली काळी एक-दोनला आणली असती तर निभावलं असतं, हेही लिहा. ढोलकीच्या तोड्यानंतर पाय समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो का? बैठकीच्या लावणीत बसल्या जागेवरून अदा पोचते का, की नुसते हातवारे?

बाकी, ती कलाकार स्वतःला जे म्हणवते तेच लिहावं. मधेच 'तो' केलंत की पुढची रास्त टीकाही कुणी वाचत नाही. आणि 'नाच्या' तर नकोच. ते तमाशातलं, बायकी हावभाव करणाऱ्या पुरुषाचं सोंग आहे. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत, म्हणून त्यांना कुणी पारलिंगी म्हणत नाही.