भाडं नव्हे, खर्च बघा

मोठ्या विमान कंपनीने स्वस्त विमान कंपन्यांएवढंच भाडं लावलं की स्वस्तवाल्यांचं दुकान बंद, असं म्हणतात; ते अर्धंच पटलं. एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी २००३ साली आली आणि पाचेक वर्षांत किंगफिशरच्या पोटात गेली, खरंय. पण २००६ ची इंडिगो टिकली ती खर्चावर. सुरुवातीची कित्येक वर्षं एकाच जातीची ए३२० विमानं. म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती सगळं एकच. शिवाय उतरलेलं विमान अर्ध्या-पाऊण तासात परत हवेत. शेअर रिक्षासारखंच, उभी राहिली की धंदा बुडाला. मोठ्यांचा खर्च जास्त, त्यामुळे त्यांना तेच भाडं महिनोन्‌महिने झेपत नाही. अर्थात आपल्या मुंबईत धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, त्यामुळे वाचवलेली मिनिटं आकाशात घिरट्या घालण्यात जातात, ते वेगळं!