परदेशी कंपन्या म्हणे उगाच रडतात!

तळेगावचा_वारा
काल एका महाशयांनी लिहिलं, 'परदेशी कंपन्यांना इथला कायदा पाळायचा नसतो, धंदा जमला नाही की लालफितीच्या नावाने गळा काढून पळतात. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली, देशाचं काय अडलं?' खाली वाहवा करणारे होतेच.

जीएमच्या गाड्या चालल्या नाहीत हे मान्य, २०१७ ला इथली विक्री बंद केली ती कोणा बाबूने सांगितलं म्हणून नाही. पण पुढचं सोयीस्कर गाळलंत. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल या मोटार कंपनीने जीएमचा तळेगावचा प्लांट घ्यायचं ठरवलं, एप्रिलमध्ये केंद्राचा नवा नियम, प्रेस नोट ३, आली, सीमेलगतच्या देशातून पैसा येणार असेल तर आधी सरकारची परवानगी. बरं, सरकारचा हक्क आहे. पण मग? होही नाही आणि नाहीही नाही. जून २०२२ ला कराराची मुदत संपली आणि दोघांनी नाद सोडला. मधल्या काळात उत्पादन बंद, हजाराच्या वर कामगार घरी आणि कोर्टाच्या तारखा.

नियम कडक असला तरी कंपनी जगते हो. तोंडावर नाही म्हटलं तरी जगते, दुसरीकडे जाते. फाईल टेबलावर ठेवून कोणी काही बोलतच नाही, ते कुठल्या खात्यात धरायचं?

मी स्वतः चाकणला एका जर्मन कंपनीचे कागद सांभाळलेत. डिरेक्टरच्या पासपोर्टवर दोन नावं, बँक स्टेटमेंटवर एकच, झालं, परत नोटरी, परत अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा तिकडचा सरकारी शिक्का, तिकडून कुरियर. मूळ कंपनीने पैसे पाठवले, शेअर दिले, आता तीस दिवसात एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी पैशावर शेअर दिल्याचा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म, भरायचा, तर बँकेकडून केवायसीचा कागदच येईना. शेवटी लेट फी आम्ही भरली. देशात पैसा आणला म्हणून दंड! त्या जर्मन साहेबाला हे समजावताना माझीच मान खाली.

सडेतोड_सदाशिव
ते महाशय म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. तुमचा तोच तळेगावचा प्लांट ह्युंदाईने २०२३ ला करार करून घेतलाच ना? बाबू तेच, टेबलं तीच. आणि सुझुकी ऐन लायसन्स राजमध्ये आली होती, तेव्हा तर फोनच्या कनेक्शनला वर्षानुवर्षं नंबर लावायला लागायचा. ज्याला राहायचंय तो राहतो. तुमच्या जर्मनाला नाव नीट लिहिता येत नाही त्यात भारत सरकारचा काय दोष?

तळेगावचा_वारा
ह्युंदाई कोरियाची आहे दादा, तिला प्रेस नोट ३ लागूच नाही. माझंच म्हणणं सिद्ध करताय, चालू द्या. आणि सुझुकीबरोबर भागीदार कोण होतं? खुद्द भारत सरकार. तसा भागीदार मिळाला तर मीपण उद्या कारखाना काढतो.

निवृत्त_टेबल
मी आयुष्यभर 'त्या' बाजूला बसलोय म्हणून सांगतो. जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. त्यानंतर चिनी कंपनीच्या फाईलवर 'मंजूर' लिहिणारा अधिकारी मला दाखवा. 'नामंजूर' लिहिलं तर उद्या संबंध सुधारल्यावर विचारणार, गुंतवणूक का घालवली? सही केली की दहा वर्षांनी चौकशी लागते, पेन्शन अडकते. नाही केली तर आजवर कोणाचं काही वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. फाईलवर 'चर्चा करावी' लिहून खाली पाठवायची, महिनाभराने ती 'चर्चा झाली, आदेशार्थ सादर' होऊन परत वर येते. हसा खुशाल, पण माणूस स्वतःला वाचवणारच.

अंजनवेलकर
आमच्या गुहागरात परदेशी कंपनीला पायघड्या घातल्या होत्या, विसरलात वाटतं. अमेरिकेची एन्रॉन, दाभोळचा वीज प्रकल्प! आधी करार, ९५ ला रद्द, मग नव्याने करार, वीज इतकी महाग की एमएसईबीला, म्हणजे राज्याच्या वीज मंडळाला, परवडेना, २००१ ला सगळं ठप्प. लोकांनी विरोध केला तर लाठ्या खाल्ल्या. म्हणून म्हणतो, फाईल थोडी रेंगाळली तर बिघडलं काय?

सीए_काका
अंजनवेलकर, एन्रॉनची फाईल रेंगाळली कुठे, ती तर धावली. रेंगाळणं आणि तपासणं यात फरक आहे. मला व्होडाफोन जास्त खुपतं. २००७ ला हचचा मोबाईलचा धंदा घेतला, त्या सौद्यावरच्या कराचा खटला जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टात जिंकले, मार्चच्या बजेटमध्ये अर्थमंत्री प्रणबदांनी कायदाच बदलला तो थेट १९६२ पासून लागू! २०२० ला हेगच्या लवादात आपण हरलो, २०२१ ला तो बदल मागे घेतला. खेळ संपल्यावर नियम बदलायचे आणि वर विचारायचं गुंतवणूक का येत नाही.

सडेतोड_सदाशिव
धंदा भारतात, गिऱ्हाईक भारतात आणि सौदा केमन बेटावरच्या कंपनीच्या शेअरचा. वा! तिथे बरा नियमांचा पुळका नाही आला. मागच्या तारखेचं चुकलं, जा, दिलं तुम्हाला. पण साधू कोणीच नाही.

बारा_चाकी
तुमचं दिल्ली-हेग चालू द्या, मी चाकणच्या गेटवरचं सांगतो. माझ्या तीन गाड्या आहेत. परदेशी कंपनीत माल उतरतो फोर्कलिफ्टने, ड्रायव्हर केबिनमधून उतरतही नाही, तरी वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, द्यायची. कोणाला? गेटबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या टोळीला. नाही दिली तर गाडी रात्रभर उभी. ज्याचा माल त्याचा हमाल हे बोलायला ठीक. कंपनीवाले म्हणतात बाहेरचं बाहेर बघा. माथाडी कायदाच उचलून फेकला पाहिजे.

वाशी_गाळा
तोंड सांभाळून. माझे वडील माथाडी होते, शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे, पन्नाशीत मणके गेले. १९६९ च्या कायद्याने माथाडी बोर्ड आलं, मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही आली, म्हणून माझी फी भरली गेली. गेटवर खुर्ची टाकून बसतात ते माथाडी नाहीत, गुंड आहेत, कोणाचे ते तुम्हालाही माहितीये.

बारा_चाकी
माहितीये, पण नाव घेऊन मला गाडी जाळून घ्यायची नाही. त्यांच्या पावतीवर 'माथाडी' छापलेलं असतं, मी काय प्रत्येकाचं बोर्डाचं कार्ड मागत बसू?

वाशी_गाळा
हो, मागा! नोंदणी असलेली टोळी मजुरी बोर्डामार्फत घेते, पान टपरीवर रोख नाही. तुम्ही गपचूप पैसे देता आणि इथे येऊन आमच्या बापाचा कायदा मोडायला निघता.

बारा_चाकी
रात्री दोन वाजता एकटा ड्रायव्हर कार्ड मागणार, या एकदा केबिनमध्ये बसायला. वडिलांबद्दल काही नव्हतं बोलायचं. कायदा राहू द्या, खुर्ची उचला, बस?

निवृत्त_टेबल
कारवाई करायची तर कोणीतरी तक्रार द्यायला हवी, आणि कंपनी ती देत नाही. परदेशी तर अजिबात नाही, त्यांच्या हेड ऑफिसला कळलं तर पुढचा प्लांट गुजरातला.

तळेगावचा_वारा
धागा कुठे होता आणि कुठे गेला. पण निवृत्त_टेबल, इथे तुमचं पटलं, जर्मन साहेबाला आम्हीही ही वाराई 'लोकल लॉजिस्टिक खर्च' म्हणून दाखवायचो.

सडेतोड_सदाशिव
म्हणजे लेट फीला मान खाली आणि खंडणीला खोटं नाव! आता सांगा, रडायचं कोणी?