दहा वर्षांचा व्हिसा आहे, पण मुक्काम किती दिवसांचा?

*बी-२०३:* नमस्कार. उन्हाळ्यात सोसायटीतले बरेच ज्येष्ठ मुलांकडे अमेरिकेला जातायत. गेल्या वर्षभरात तिथे नक्की काय बदललं? दहा वर्षांचा व्हिसा असला की काळजी नाही, असं सगळे म्हणतात. बरोबर आहे का?

*ए-५०४:* ताई, अर्धंच बरोबर आहे. व्हिसा दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते. साधारण सहा महिने मिळतात, पण कमी द्यायचा अधिकार त्याला आहे. पासपोर्टवर आता बऱ्याच ठिकाणी शिक्का मारत नाहीत. म्हणून पोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सीबीपी, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या अमेरिकी खात्याच्या सरकारी साइटवरून आय-९४ काढा आणि छापून ठेवा. विमानाने आलेल्यांना तो फुकट दिसतो. पैसे मागितले तर साइट चुकलीय असं समजा. नाव, जन्मतारीख आणि मुक्कामाची शेवटची तारीख नीट तपासा. चूक असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त होते, पण ते काम लगेच करायचं, परतीच्या आठवड्यावर ठेवायचं नाही.

*सी-१०१:* पासपोर्ट मुक्कामाच्या मध्येच संपत असेल तर?

*ए-५०४:* काकू, आधी नवा करून घ्या. पासपोर्ट संपायच्या तारखेपर्यंतच मुक्काम दिल्याची उदाहरणं आहेत आणि घाईत ती तारीख कोणी वाचत नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला तरी चालतो. दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे, जुन्याचं व्हिसाचं पान फाडायचं नाही.

*बी-२०३:* पण हे सगळं आधीही होतंच ना?

*ए-५०४:* होतं, आणि मला तेच सांगायचंय. पर्यटक व्हिसाचे मूळ नियम जवळपास तेच आहेत. पूर्वी त्यांत जी ढिलाई होती ती गेली. उदाहरण घ्या. परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा हा कायदा फार जुना आहे, कोणी विचारत नसे. ११ एप्रिल २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आपल्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४. १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने संध्याकाळी पार्कात फिरायला जातानासुद्धा त्याची छापील प्रत खिशात ठेवावी. २६ डिसेंबर २०२५ पासून येताना आणि जातानाही फोटो काढतात. ७९ वर्षांवरच्यांना असलेली सूट गेली. म्हणजे कोण वेळेवर परतलं आणि कोण नाही, याची नोंद आता पक्की राहते. मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिलात तरी तो व्हिसा कायद्याने रद्द होतो. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहिलात तर ३ वर्षं बंदी, वर्ष उलटलं तर १० वर्षं.

*डी-६०२:* नूतनीकरणाबद्दल सांगतो, कारण इथेच लोक अडकतात. मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाकायची सोय आधी व्हिसा संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत होती. २०२५ मध्ये ती १२ महिन्यांवर आली. २ सप्टेंबर २०२५ पासून ८० च्या पुढच्या आजोबांनाही वयामुळे मिळणारी माफी नाही. व्हिसा संपून वर्ष होत आलं असेल तर आजच अर्ज करा. फी १८५ डॉलर. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरताना मागच्या ५ वर्षांतली समाजमाध्यमांची खाती लिहावी लागतात. नातवाने उघडून दिलेलं आणि विसरलेलं फेसबुक खातंही त्यात येतं. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, तशी भाषा निवडा. मोडक्या इंग्रजीत चुकीचं उत्तर जाण्यापेक्षा ते बरं.

*ई-३०१:* विमानतळावर "व्हाय आर यू हिअर?" विचारलं तर काय सांगायचं? बाळंतपणासाठी जायचं असेल तर?

*ए-५०४:* खरं तेच सांगायचं, पण नेमकं. मुलीला भेटायला आलोय, तिला बाळ झालंय, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे, राहायचा पत्ता हा. "बाळ सांभाळायला आलेय" हे वाक्य आपल्याकडे मायेचं आहे. तिथे अधिकाऱ्याच्या कानाला ते आयाचं काम वाटतं आणि या व्हिसावर काम करायची मुभा नाही. त्यावरून प्रश्न वाढतात. वारंवार जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: वर्षाचे सहा महिने तिथे, तीन महिने इथे, पुन्हा सहा महिने तिथे, असं झालं की तुमचं घर नक्की कुठे, असा प्रश्न येतो. दोन खेपांत किती अंतर हवं याचा आकडा नियमात नाही. इथे जास्त आणि तिथे कमी, हा हिशेब ठेवा.

*एफ-४०२:* आमच्याकडच्यांना ग्रीन कार्ड आहे, पण मुक्काम पुण्यातच जास्त. त्यांना?

*ए-५०४:* काका, त्यांना हे नीट सांगा. विमानतळावर आय-४०७ फॉर्म पुढे आला तर सही करू नये. ती सही म्हणजे स्वेच्छेने कार्ड परत देणं. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागायचा त्यांना हक्क आहे. वर्षभराहून जास्त इथे राहायचं असेल तर निघण्याआधी तिथूनच आय-१३१ फॉर्म भरून री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना घ्यावा.

*डी-६०२:* या वर्षी ज्येष्ठांच्या खेपा का वाढल्या, तेही बोलायला हवं. मुलांना येता येत नाहीये. ६ सप्टेंबर २०२५ पासून व्हिसाचा अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहतो तिथेच करायचा, त्यामुळे तिसऱ्या देशात स्टॅम्पिंग करायची, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायची वाट बंद झाली. १९ सप्टेंबरला एच-१बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या १ लाख डॉलर फीची घोषणा झाली. ती फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, तोवर कित्येकांनी सुट्टी टाकून परतीची विमानं धरली. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वाल्यांची समाजमाध्यमं तपासणं सुरू झालं. भारतातल्या डिसेंबरच्या मुलाखती थेट मार्चवर आणि त्याहीपुढे गेल्या. लग्नाला आलेली मुलं इथेच अडकली. साधा स्टॅम्प संपलेला मुलगा आजीच्या अंत्यदर्शनालाही यायला धजावत नाही, ही आजची परिस्थिती आहे. म्हणून आई-बाबाच जातात. त्यांची एक चूक त्या घराची उरलेली वाट बंद करू शकते.

*सी-१०१:* फार खरं आहे हे. बॅगेचं काय? कढीपत्ता, तांदूळ?

*ई-३०१:* दोन्ही नको. तांदळावर खापरा किडीमुळे बंदी आहे, कढीपत्त्यावर लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे. फरसाण, चकल्या, मेतकूट, गोडा मसाला नेता येतो, पण खाण्याचं आहे हे सांगायचं. सांगून एखादी पुडी गेली तर तेवढ्यावर भागतं, लपवलं तर दंड होतो. घरच्या पिठांवर इंग्रजीत नाव चिकटवा, कारण बिननावाची पांढरी पुडी हमखास फोडतात. औषधं मूळ पाकिटात, ९० दिवसांपुरती, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असू द्या.

*बी-२०३:* देशांतर्गत विमानाला?

*ए-५०४:* पासपोर्ट लागतोच. ७ मे २०२५ पासून तिथे रिअल आयडी (ठरलेल्या दर्जाचं ओळखपत्र) किंवा पासपोर्ट सक्तीचा आहे, आधार कार्ड तिथे चालत नाही. आणि अबू धाबीमार्गे जाणार असाल तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, म्हणून मधला वेळ किमान तीन तास ठेवा. पत्ता, परतीचं तिकीट, विमा आणि दोन्ही पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग अधिकाऱ्यासमोर उभं राहून झाल्यावरच हातात येते.