स्पॅनिश शिकताना वर्गातल्या वस्तूंची यादी पाठ करून घेणं: गरज की खोड?

दप्तरवाली:
मुलगी आठवीत आहे. तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेतलंय. पहिल्या महिन्यात चित्रांसकट चाळीस शब्द पाठ करायला दिले. पिसार्रा म्हणजे फळा, सिया म्हणजे खुर्ची, मोचिला म्हणजे दप्तर, तिहेरास म्हणजे कात्री, साकापुन्तास म्हणजे टोकयंत्र. चाचणीत चाळीसपैकी अडतीस आले, पेढे वाटायचेच बाकी होते. मग मी सहज विचारलं, "बाई, मला समजलं नाही, परत सांगा, हे कसं म्हणशील?" पोरगी गप्प.

माझं म्हणणं सरळ आहे. या याद्या बंद करा. आधी 'नो एन्तिएन्दो' (समजलं नाही), 'पुएदे रेपेतिर?' (परत सांगाल का?), 'पुएदो इर आल बान्यो?' (बाथरूमला जाऊ का?) एवढं येऊ दे. टोकयंत्र हवं असेल तर बोट दाखवून मागता येतं.

खडू_डस्टर:
ताई, बारा वर्षं स्पॅनिश शिकवतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बोट दाखवूनच भागवायचं असेल तर भाषा कशाला शिकायची? यादीत नुसता शब्द नसतो, त्याचं लिंगही असतं. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही. आपलं 'ते दप्तर' तिकडे 'ला मोचिला' होऊन स्त्रीलिंगात जातं, 'ते पुस्तक' मात्र 'एल लिब्रो' होऊन पुल्लिंगात. काळी वही म्हणायची तर 'क्वादेर्नो नेग्रो', काळा फळा म्हणायचा तर 'पिसार्रा नेग्रा'. हे पहिल्या महिन्यात कानात बसलं नाही तर तिसऱ्या वर्षीसुद्धा मुलं अडखळतात, मी रोज बघते.

आणि शेवटी 'आ' आला की स्त्रीलिंगी, असंही धरून चालता येत नाही. नकाशा 'एल मापा'. वर्गखोलीची तर आणखी गंमत. 'आउला' स्त्रीलिंगीच, पण सुरुवातीच्या 'आ'वर आघात असल्यामुळे एकवचनात 'एल आउला' म्हणायचं. विशेषण तरी स्त्रीलिंगीच राहतं, 'एल आउला पेकेन्या', आणि अनेकवचनात गुपचूप 'लास आउलास'. हे बोट दाखवून कसं कळणार?

शाईची_दौत:
आमच्या घरात 'तो पेन' की 'ते पेन' यावर अजून एकमत नाही. स्पॅनिश लोकांना हसायचा हक्क आपल्याला नाही.

ग्वादालाहाराकर:
मेक्सिकोत सहा वर्षं झाली, मुलगा इथल्याच शाळेत जातो. माझी शंका वेगळी आहे. ही यादी नेमकी कुठल्या देशाची?

खडू घ्या. पुस्तकात 'तिसा' असतं. मुलगा 'हिस' म्हणतो. त्यातली मजा अशी की 'तिसा' हा मूळचा इथलाच, नाहुआत्ल भाषेतला शब्द. स्पॅनिश लोक तो घरी घेऊन गेले, आणि मेक्सिकोत लॅटिन मुळाचा 'हिस' रुळला. पेनाचंही तसंच. स्पेनमध्ये बोलीग्राफो, इथे प्लुमा, कोलंबियात एस्फेरो, अर्जेंटिनात बिरोमे (बॉलपेनवाला हंगेरियन लास्लो बिरो तिथे जाऊन राहिला, त्याच्या आणि त्याच्या भागीदाराच्या नावावरून). स्पेनमधला माणूस 'कार्पेता' म्हणतो ती फाइल, पेरूतल्या शाळेत 'कार्पेता' म्हणजे बाक. आता 'कार्पेतावर बसू नकोस' हे मॅड्रिडमध्ये म्हणून बघा.

खडू_डस्टर:
मग काय, एकही शब्द शिकवायचा नाही? मुंबईत रबर, पुस्तकात खोडरबर, म्हणून मराठी शिकवायचं कुणी थांबवलं का? बोलीग्राफो म्हटलेलं बहुतेक ठिकाणी समजतं.

आणि दप्तरवाली, तुमच्या वाक्यांचंही तेच आहे. 'पुएदे रेपेतिर' हे 'उस्तेद'चं, म्हणजे 'अहो'चं रूप. मेक्सिकोत बाईंना 'माएस्त्रा' म्हणून तसं विचारतात. स्पेनमध्ये बरीच मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात आणि 'तू' म्हणतात, तिथे 'पुएदेस' होतं.

दप्तरवाली:
शिक्षिकेला नावाने?! आमच्या शाळेत घरी चिठ्ठी येईल.

मागचा_बाक:
तुमच्या दोघींच्या यादीत मुलांच्या कामाचा एकही शब्द नाही. कॉपीची चिठ्ठी स्पेनमध्ये 'चुलेता', म्हणजे खरं तर मटणाची चाप. मेक्सिकोत 'आकोर्देओन', अर्जेंटिनात 'माचेते', चिलीत 'तोर्पेदो'. तास बुडवणं स्पेनमध्ये 'आसेर नोवियोस', चिलीत 'आसेर ला सिमार्रा', मेक्सिकोत 'इर्से दे पिन्ता'. आणि सदा पुस्तकात डोकं घातलेला 'एम्पोयोन', म्हणजे अंडी उबवत बसलेला! ही यादी द्या, पोरं एका रात्रीत पाठ करतील.

गुणांचंही विचारा. साडेसहा मिळाले म्हणजे चिलीत फटाके, तिथे सातपैकी असतात. मेक्सिकोत दहापैकी सहाला पास, म्हणजे थोडक्यात वाचलात. स्पेनमध्ये पाचला पास. शब्द 'नोता' एकच, पण घरी काय तोंड करून सांगायचं ते देशावर अवलंबून.

मांडवीकाठ:
गोव्याकडून एक भर. आमच्या कोंकणीत खुर्चीला 'कदेल' म्हणतात, पोर्तुगीज 'कादेइरा'वरून. म्हणून मी पहिल्या तासाला स्पॅनिशमध्येही 'कादेरा' ठोकून दिलं. स्पॅनिशमध्ये 'कादेरा' म्हणजे माणसाचा नितंबाजवळचा भाग. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, एकाने बसायची वस्तू घेतली, दुसऱ्याने बसणारा अवयव. सरांनी हसू दाबलं ते मला दिसलं. 'सिया' तेव्हापासून जन्मात विसरलो नाही. यादीत वाचून मात्र चार वेळा विसरलो होतो.

दप्तरवाली:
हेच तर म्हणतेय!

खडू_डस्टर:
त्यांना 'सिया' यादीतूनच कळलं ना शेवटी :)

दप्तरवाली:
एक कबूल करते. काल मुलीला विचारलं, टोकयंत्राचा शब्द इतका लांब, तो कसा लक्षात राहिला? म्हणाली, "अगं सोप्पं आहे, पुन्तास म्हणजे टोकं आणि साका म्हणजे काढतं. आणि टीचर 'साका एल लिब्रो' म्हणाल्या की पुस्तक काढायचं." म्हणजे यादीतून एक वाक्य तरी निघालं. चाळीसात एक. माझं मत बदललेलं नाही, फक्त थोडं खाली बसलंय.

आता भूमितीचा गृहपाठ स्पॅनिशमध्ये सांगायचा हट्ट धरलाय तिने. कर्कटकाला काय म्हणतात?

खडू_डस्टर:
एल कोम्पास. आपल्या कंपासपेटीतलाच.

दप्तरवाली:
यादीत नाहीये.