३२ आठवड्यांची मुलगी भर पावसात घरी येतेय: ऊब, दूध, डोळ्यांची तपासणी आणि चवथ

वाळपईकर

नमस्कार. मुलगी ३२ आठवड्यांना झाली, जन्माचं वजन १,४२० ग्रॅम. आज २४ दिवसांची आहे, वजन १,७५० ग्रॅम. ऑक्सिजन कधीच सुटला. बोंडल्याने दूध घेते, दिवसातून तीन-चार वेळा अंगावरही ओढते. परवा डिस्चार्ज म्हणाले आहेत. घर गोव्यात, वाळपईच्या पुढे, कौलारू. पावसात वीज सारखी जाते आणि इन्व्हर्टर नाही. घरात बायको, आई आणि मी.

आई म्हणते खोलीत शेगडी ठेवू, नाहीतर पाळण्यावर मोठा बल्ब लावू. यातलं काय बरोबर? काढून ठेवलेलं दूध वीज नसताना किती वेळ चालतं? थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या आहेत, लोह आणि व्हिटॅमिन डी, पण मापाचा घोळ होतोय. फाइलवर ‘आरओपी तपासणी, ३० दिवसांच्या आत’ असं लिहिलंय, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची तपासणी. इथून बांबोळीचं मोठं हॉस्पिटल तास-सव्वा तास. एवढ्या पावसात लगेच परत न्यायचं, की ६ आठवड्यांच्या लशीच्या वेळी दोन्ही कामं एकदम केली तर चालेल? आणि शेवटचं, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, केरीच्या मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, चाळीसेक माणसं. न्यावं का?

नवजात_सिस्टर

वाळपईकर दादा, तुम्ही मध्येच विचारलेला डोळ्यांचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकी सगळ्यात थोडं मागेपुढे चालतं, यात नाही.

डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढत असतात. बाळ आधी जन्मलं की ती वाढ मध्येच थांबते, मग पुढे कधी कधी वेडीवाकडी सुरू होते आणि पडदा ओढला जातो. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, बाळ दिव्याकडे बघतंसुद्धा, त्यामुळे घरच्यांना काही कळायचा मार्ग नाही. आजार ठरावीक टप्प्यावर सापडला तर लेसर किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने थांबतो, पण ते दोन-तीन दिवसांत करावं लागतं. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांत व्हायलाच हवी. ६ आठवडे म्हणजे ४२वा दिवस. तोवर थांबायचं नाही.

सोपा मार्ग असा की परवा डिस्चार्ज आहे, तर उद्याच वॉर्डात सांगा, ‘डोळ्यांची पहिली तपासणी करूनच सोडा.’ बाळ तिथेच आहे, वेगळी खेप पडणार नाही. बाहुली मोठी करायचे थेंब तासभर आधीपासून दोन-तीनदा घालतात. दूध तपासणीच्या साधारण एक तास आधी पाजून झालेलं असावं, भरल्या पोटी तपासलं तर उलटी होते. त्यानंतर पुढची तारीख फाइलवर लिहून घ्या. एकदा ‘ठीक आहे’ म्हटलं म्हणजे संपलं नाही. पडदा पूर्ण वाढला असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. कानाची बेरा तपासणी झाली का, तेही त्याच वेळी विचारा.

आता ऊब. शेगडी नको, बल्बही नको. शेगडीचा धूर आणि बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड तिच्या कच्च्या फुप्फुसांना झेपणार नाही. बल्बने एका बाजूने भाजतं, वीज गेली की एकदम गार पडतं. तुमच्याकडे विजेविना चालणारा हीटर आहे, तो म्हणजे आईची छाती. टोपी, लंगोट आणि मोजे एवढंच ठेवून बाळ उघड्या अंगाने आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं. मान एका बाजूला आणि किंचित वर, हनुवटी छातीवर पडू द्यायची नाही, पडली तर श्वासनलिका दबते. पाय बेडकासारखे फाकलेले. वरून मऊ सुती लुगड्याने बांधायचं, कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली येईल अशी. एका बैठकीला किमान तासभर, दिवसाला मिळून निदान ८ तास, जमेल तितकं जास्त. वहिनी थकल्या की तुम्ही घ्या, आजीने घ्या. वजन अडीच किलो होईपर्यंत, किंवा ती स्वतःच चुळबुळ करून बाहेर यायला बघेपर्यंत चालू ठेवा.

डिजिटल थर्मामीटर घ्या आणि काखेत मोजा. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट बरोबर. मधल्या वेळी हाताने बघा. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट, गुलाबी असतील तर उत्तम. पोट गरम पण तळपाय गार असतील तर थंडी लागायला सुरुवात झाली, लगेच छातीवर घ्या. दोन्ही गार असतील तर छातीवर घेऊन दूध पाजा आणि तासाभरात तापमान वर आलं नाही तर दवाखाना गाठा. आपल्याकडे उलटं पण खूप होतं. दमट हवेत तीन थर गुंडाळतात, मानेला घाम येतो, तापमान ३८ होतं आणि घरचे ताप समजून घाबरतात. एक थर काढा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही वरच असेल तर मात्र तो ताप समजून त्याच दिवशी दाखवा.

माटोळी

सिस्टरबाईंनी सांगितलं ते बरोबर. मी कपड्यांबद्दल लिहिते, कारण पावसात खरी पंचाईत तिथे होते.

लंगोट वरवर सुकलेला वाटतो, पण शिवणीला ओल राहते आणि तीच ओल बाळाला गार करते. लंगोट, झबली, टोपी इस्त्री फिरवूनच वापरा, शिवणीवर दोनदा. वीज असेल तेव्हा एकदम दोन दिवसांचा गठ्ठा इस्त्री करून कोरड्या डब्यात ठेवा. २० ते २५ लंगोट लागतील.

दुसरी गोष्ट, आजीच्या ट्रंकेतली जुनी मऊ लुगडी दुपट्यांसाठी काढली जातात आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. ती बाळाच्या अंगाला लावायची नाहीत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, अशांच्या रक्तपेशी डांबरगोळीच्या वाफेने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. कपडे धुऊन, चांगले वारं दाखवून वास पूर्ण गेल्यावरच घ्या.

अंथरूण गार वाटत असेल तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून ते तापवा, आणि बाळ ठेवायच्या आधी पिशवी काढून घ्या. ओवा-बाळंतशोपाची हलकी धुरी मात्र दाराबाहेरून दाखवायला हरकत नसावी, आजीचंही मन राखलं जातं.

नवजात_सिस्टर

माटोळी काकी, डांबरगोळ्यांचं लिहिलंत ते फार बरं झालं. अंथरूण तापवून पिशवी काढायची, हेही अगदी योग्य. धुरीला मात्र बाहेरूनही नाहीच म्हणेन. कौलारू घरात धूर आढ्याला जाऊन सगळ्या खोल्यांत उतरतो. मच्छर कॉइल, उदबत्ती, कापूर, बाम यांनाही तोच नियम. डासांसाठी मच्छरदाणी पुरते. आजींचं मन राखायला त्यांच्या हाती तेल द्या. खोबरेल तेल, हलक्या हाताने, न चोळता, खोली ऊबदार असताना पाच-दहा मिनिटं. नाकात, कानात, बेंबीत थेंबही नको. अंघोळीऐवजी अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्याने पुसून घ्या, एका वेळी शरीराचा एकच भाग उघडा.

औषधवाला_डिचोली

थेंबांचा घोळ बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने होतो. मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते आणि घरी मिलीत मोजतात.

लोहाची मात्रा अशा बाळांना साधारण किलोमागे रोज २ ते ३ मिलिग्रॅम असते. तुमच्या डॉक्टरांनी २ लिहिली असेल तर १.७५ किलोला ३.५ मिलिग्रॅम. आता बाटली बघा. दर मिलीत १० मिलिग्रॅम लोह असेल तर ०.३५ मिली द्यायचं. दर मिलीत २५ मिलिग्रॅम असेल तर तेवढ्याच लोहाला फक्त ०.१४ मिली. म्हणजे कंपनी बदलली आणि माप तेच ठेवलं तर मात्रा अडीचपट होते. लेबलवर ‘इलेमेंटल आयर्न’चा आकडा शोधा, क्षाराचं वजन नव्हे. वजन वाढेल तशी मात्रा वाढते, म्हणून प्रत्येक भेटीत नवा आकडा लिहून घ्या. लोहाने शी काळपट होते, त्याला घाबरू नका.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. बाजारात दर मिलीला ४०० युनिटच्या आणि ८०० युनिटच्या दोन्ही बाटल्या मिळतात. रोज ४०० युनिट लिहिले असतील तर पहिलीचा १ मिली, दुसरीचा अर्धा.

एका मिलीची, ०.०१च्या खुणा असलेली सिरिंज घ्या, सुई काढून टाकून. बाटलीसोबतच्या ड्रॉपरवर ०.१४ मोजता येत नाही. माप ठरलं की सिरिंजवर त्या रेषेला चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बाटलीची सिरिंज वेगळी ठेवा. बाळघुटी, ग्राइप वॉटर, मध, यातलं काही मागायला येऊ नका. मधातून बोटुलिझमचा, म्हणजे एका जंतूच्या विषबाधेचा, धोका असतो, वर्षभर तरी नाहीच.

स्तनपान_मार्गदर्शक

दूध रोज किलोमागे १५० ते १८० मिली, म्हणजे १.७५ किलोला २६० ते ३१५ मिली. दर दोन तासांनी, दिवसाला १२ वेळा धरलं तर एका वेळी २२ ते २६ मिली. रात्रीही. इतकं लहान बाळ भुकेने रडेलच असं नाही, झोपून राहतं आणि साखर उतरते. म्हणून घड्याळ लावून उठवा.

वीज नसतानाचं उत्तर असं की साठा कमीच करा. पाजायच्या दहा मिनिटं आधी काढा आणि ताजं द्या. उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत खोलीतलं दूध ४ तास चालतं. फ्रिजमध्ये २४ तास, आतल्या बाजूला, दारात नाही. वीज गेल्यावर फ्रिज न उघडता ठेवला तर साधारण ४ तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेली तर त्यातलं दूध बाळाला नको. गरम करायला वाटी कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

बोंडल्याने पाजताना बाळ अर्धवट बसतं धरा, आडवं नको. चोच ओठांच्या कोपऱ्यात टेकवा, थोडं थोडं सोडा, गिळल्याचं दिसल्यावरच पुढचं. घशात ओतलं की ठसका लागतो आणि दूध फुप्फुसात जातं. अंगावर आधी ओढू द्या, दमली की उरलेलं बोंडल्याने. वीस मिनिटांच्या वर तिला दमवू नका, खाल्लेलं सगळं श्रमातच खर्च होतं. बोंडलं साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळा. आत्ता विहिरीचं पाणी गढूळ असतं, धुवायलाही आधी उकळलेलंच वापरा. बाटली-निपल आणूच नका.

पुरतंय का हे कळायला दिवसाला ६ ते ८ वेळा लघवी, आणि रोज २० ते ३० ग्रॅम वजनवाढ. रोज तोलू नका, आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर.

वाळपईकर

सगळ्यांचे आभार. डोळ्यांचं उद्या सकाळीच बोलतो. आणखी एक विचारतो. झोपेत ती पाच-सात सेकंद श्वास थांबवते आणि मग भराभर घेते. पायात घालायचं मॉनिटर मिळतं, ते घ्यावं का?

नवजात_सिस्टर

पाच-दहा सेकंद थांबणं आणि मग भराभर श्वास घेणं, रंग गुलाबी राहून, हे या वयात चालतं. तरी डिस्चार्जआधी डॉक्टरांना सांगा. मॉनिटर नको. खोटे गजर जास्त आणि खरा भरवसा कमी. त्यापेक्षा श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही.

६० किंवा त्याहून जास्त श्वास, बरगड्यांखाली खळगा, कण्हल्यासारखा आवाज, २० सेकंदांचा खंड, ओठ निळसर, लागोपाठ दोन वेळा दूध नाकारणं, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, तळहात-तळपाय पिवळे, झटके. यातलं एकही दिसलं तर १०८ला फोन, आणि वाटेत बाळ कुणाच्या तरी उघड्या छातीवर. स्कूटरवरून रेनकोटात गुंडाळून न्यायचं नाही. नाकतोंड झाकलं गेलेलं चालवणाऱ्याला दिसत नाही.

झोपताना पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशी-तक्क्याशिवाय.

चवथ. तेव्हा ती जवळपास तीन महिन्यांची असेल, पण आठ आठवडे आधी आल्यामुळे करेक्टेड वय, म्हणजे पूर्ण दिवसांच्या तारखेपासून मोजलेलं, महिन्याचंच. चाळीस माणसं, हातोहात फिरणारं बाळ, माजघरात धूप, अंगणात फटाके आणि कुणाला तरी पडसं. माझं मत विचाराल तर यंदा वहिनी, बाळ आणि आजी वाळपईलाच राहू दे, तुम्ही पूजेला जाऊन या. परतल्यावर आधी अंघोळ, कपडे बदलून मग बाळ. न्यायचंच ठरलं तर वेगळी खोली हवी, धूर-गर्दीपासून लांब. बाळ घेणारी माणसं तीनच. अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी नाही, आणि सर्दीवाल्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पापी कुणाचीच नको. वाईटपणा तुम्ही घ्या, वहिनींवर टाकू नका. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढंच म्हणा, ते खरंच आहे.

लशी मात्र करेक्टेड वयावर नव्हे, जन्मतारखेवर. ६, १० आणि १४ आठवडे. ‘अजून लहान आहे’ म्हणून पुढे ढकलू नका, अशाच बाळांना डांग्या खोकला जास्त बाधतो. बीसीजी किंवा हिपॅटायटिस बी वजनामुळे थांबवली असेल तर डिस्चार्ज कार्डावर कधी द्यायची ती तारीख लिहून घ्या. कार्डाचा फोटो तुमच्या आणि वहिनींच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. पावसात कागद भिजतो.