सायकलच्या पाट्या: रेडियमवाल्याला फाइल देण्याआधी

सचिव: नमस्कार. सोसायटीच्या आवारातल्या सायकलच्या पाट्यांचं डिझाइन आलंय, फोटो वर टाकलेत. एकूण पाच आहेत. १) स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या पार्किंगमधल्या) सायकल स्टँडवर निळी गोल पाटी. २) पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर) सायकलबंदीसाठी लाल कड्यात सायकल. ३) चालण्याच्या ट्रॅकवर माणूस आणि सायकल, मध्ये उभी रेघ. ४) बेसमेंटच्या रॅम्पवर सायकल ढकलणारा माणूस. ५) गेटच्या आतल्या रस्त्यावर 'सायकलसोबत रस्ता वाटून घ्या'. शनिवारी फाइल छापायला जाईल. कुणाला बदल सुचवायचे असतील तर सांगा.

ए-३०२: सर, कृपया शनिवारी देऊ नका. चित्रं सुबक आहेत, पण पाचपैकी चार पाट्यांचा अर्थ चुकतोय. पाटीवर आधी आकार आणि रंग वाचला जातो, चित्र नंतर. निळं वर्तुळ म्हणजे सक्ती. निळ्या वर्तुळात पांढरी सायकल हा 'फक्त सायकलचा मार्ग' असा आदेश झाला. स्टँडला तो चालणार नाही. तिथे निळा चौकोन हवा, त्यात इंग्रजी 'पी' अक्षर आणि खाली सायकल. चौकोन म्हणजे माहिती, लाल कडं म्हणजे मनाई, लाल त्रिकोण म्हणजे सावधान. सायकलचं चित्र सगळीकडे तेच असतं, भोवतीची चौकट बदलली की अर्थ बदलतो.

सी-११०१: ताई, दोन नंबरचं काय? लाल कडं आहेच की.

ए-३०२: काका, रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात नुसतं लाल कडं मनाईला पुरतं. ब्रिटनमध्ये आजही लाल कड्यात सायकल, तिरका पट्टा नाही, आणि त्याचा अर्थ सायकलबंदी. पण ज्याला हे माहीत नाही तो 'इथे सायकल' असंच वाचणार. म्हणजे बरोबर उलट! आपल्याकडच्या सायकलबंदीच्या चिन्हात तिरका लाल पट्टा असतो, तोच घ्या.

बी-७०४: पट्ट्याबद्दल एक बारीक गोष्ट. तो डावीकडे वरून उजवीकडे खाली येतो. फाइलमधल्या सायकलचं तोंड डावीकडे आहे, म्हणून हँडलपासून पेडलपर्यंत येणारा फ्रेमचा दांडा अगदी त्याच तिरक्या दिशेत येतो आणि पट्ट्याखाली गायब होतो. उरतात दोन चाकं आणि एक रेघ. तोंड उजवीकडे केलं की दांडा पट्ट्याला छेदून जातो, सायकल ओळखू येते. पट्ट्याच्या दोन्ही कडांना ४ मिलिमीटर पांढरी फट सोडा, नाहीतर काळी फ्रेम आणि लाल पट्टा रात्री एकच दिसतात.

शिवाय चेन सायकलच्या उजव्या बाजूला असते, म्हणजे तोंड उजवीकडे असेल तेव्हाच ती समोर दिसते. डिझायनरने चित्र आरशातल्यासारखं उलटवलंय, त्यामुळे चेन भलत्या बाजूला गेलीय. सायकल चालवणाऱ्याला ते लगेच खटकतं.

डी-५०३: मला ते स्पोक फार आवडले होते. ते राहतील ना?

बी-७०४: काढावे लागतील, ताई. हिशोब सांगतो. निरोगी डोळ्याला १५ मीटरवरून साधारण ४.५ मिलिमीटरची फट वेगळी दिसते, ३० मीटरवरून ९. आपली पाटी ३०० मिलिमीटरची, त्यात सायकल २०० मिलिमीटर लांब. खऱ्या सायकलच्या प्रमाणात चाक ७८ मिलिमीटरचं येतं आणि दोन चाकांमधली जागा ४४ ची. स्पोक १ मिलिमीटरचे काढलेत. चार पावलं मागे गेलं की चाक भरलेल्या थाळीसारखं दिसतं. त्यामुळे चाक म्हणजे नुसतं रिंगण, रेघ ८ मिलिमीटर. मडगार्ड, कॅरिअर, घंटी काही नको. सीट, हँडल, फ्रेमचा त्रिकोण आणि पेडल एवढं पुरे. चष्मा लागणारे, मोतीबिंदू असलेले लोकही आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी पाटी ४५० ची केली तर उत्तम.

निळ्यावर पांढरं रेडियम असेल तर रेघ ७ वर आणा. हेडलाइट पडला की पांढरं चमकून पसरतं आणि फ्रेममधली निळी जागा खाऊन टाकतं. काळ्या रेघेला हा त्रास उलटा होतो, ती बारीक भासते, म्हणून मनाईच्या पाटीवर ९ ठेवा.

सचिव: तीन नंबर?

ए-३०२: उभी रेघ म्हणजे माणूस एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला. जर्मनीत हा फरक फार काटेकोर आहे: उभी रेघ असेल तर वेगळे पट्टे, आडवी असेल तर दोघांचा एकच रस्ता. आपला ट्रॅक जेमतेम अडीच मीटर, जमिनीवर पट्टा आखलेला नाही. उभी रेघ लावली की कुणीतरी 'ही माझी बाजू' म्हणून आजींना बाजूला व्हायला सांगणार. माणूस वर, सायकल खाली, मध्ये रेघच नको. माणूस वर असला की आधी मान चालणाऱ्याला हेही कळतं.

सी-११०१: आणि चार नंबरची पाटी मला तरी 'सायकल चालवा' अशीच वाटली.

ए-३०२: अगदी बरोबर पकडलंत. माणूस आणि सायकल यांच्यात फट आहे ३ मिलिमीटर. लांबून ती बुजते आणि माणूस सीटवर बसलेला दिसतो. फट किमान १० हवी, माणूस सायकलपेक्षा स्पष्ट उंच हवा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर, चालताना फाकलेले. एवढं करूनही चित्रावर विसंबू नका. खाली लिहा: 'उतरून चालत न्या'. तीनच शब्द, अक्षराची उंची ४० मिलिमीटर.

डी-५०३: पाचवी पाटी तरी ठीक आहे ना? भाषा किती गोड आहे.

बी-७०४: गोड आहे, पण कुणाला सांगतेय ते कळत नाही. अमेरिकेत 'रस्ता वाटून घ्या' अशा अर्थाची पिवळी पाटी वर्षानुवर्षं होती. मोटारवाल्याने वाचलं, सायकलने बाजूला व्हायचं. सायकलवाल्याने वाचलं, मोटारीने जागा द्यायची. डेलावेअर राज्याने २०१३ मध्ये ती वापरणं थांबवलं. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांचा अभ्यास आला. त्यात 'सायकल पूर्ण लेन वापरू शकते' या मजकुराचा अर्थ लोकांनी जास्त नीट घेतला, आणि 'रस्ता वाटून घ्या' या पाटीचा जवळजवळ काहीच उपयोग दिसला नाही. आपल्या पाटीवर थेट गाडीवाल्याशी बोला: 'पुढे सायकल असेल तर मागे थांबा. हॉर्न नको.'

सचिव: पटलं. रस्त्यावर रंगाने पण सायकल काढायची होती, तिचं माप?

बी-७०४: १.२ मीटर रुंद सायकलची खरी उंची ०.७ मीटर येते. ती ओढून १.४ करा. कारमधल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, त्याला जमिनीवरचं चित्र चेपलेलं दिसतं. वरून पाहिलं की चाकं अंड्यासारखी वाटतील, घाबरू नका, गाडीतून ती बरीच कमी चेपलेली दिसतात. चित्राचा खालचा भाग येणाऱ्या गाडीकडे हवा.

स्टेन्सिल ३ मिलिमीटरच्या सनबोर्डचं (कडक फोमच्या शीटचं) कापा. नेहमीची चूक अशी होते: चाकाचं रिंगण कापलं की आतली चकती सुटून पडते. म्हणून प्रत्येक चाकाला तीन ठिकाणी १५ मिलिमीटरची जोडपट्टी ठेवायची आणि स्टेन्सिल उचलल्यावर त्या फटी ब्रशने भरायच्या. रंग ओला असतानाच वरून काचेचे मणी भुरभुरायचे, सुकल्यावर ते बसत नाहीत.

ए-३०२: छापण्याआधी एक चाचणी करूया, एक संध्याकाळ पुरते. पाचही चित्रं साध्या कागदावर, खाली मजकूर न लिहिता. पाटी जिथे लागणार तिथेच उभं राहून २० जणांना विचारायचं: 'याचा अर्थ काय?' पर्याय द्यायचे नाहीत, पर्याय दिले की लोक अंदाजाने बरोबर येतात. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. वॉचमन, डिलिव्हरीवाले, कामाला येणाऱ्या मावशी, आठ-दहा वर्षांची मुलं, ज्येष्ठ नागरिक, प्रत्येकी चार. कमिटीतल्या कुणाला विचारू नका, त्यांनी हा ग्रुप वाचलाय.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात साधारण दोन तृतीयांश बरोबर उत्तरं पुरतात. अमेरिकेतलं सुरक्षाचिन्हांचं मानक कडक आहे: ८५ टक्के बरोबर आणि धोकादायक उलटा अर्थ ५ टक्क्यांच्या वर नको. आपण कडक घेऊ. म्हणजे २० पैकी १७ बरोबर, उलट अर्थ लावणारा जास्तीत जास्त एक.

सी-११०१: वॉचमन आणि डिलिव्हरीवाल्यांना मी विचारतो. गेटवर संध्याकाळी ७ ला सगळे भेटतात.

डी-५०३: मुलं माझ्याकडे. मावशींना सकाळी विचारते.

सचिव: ज्येष्ठ नागरिक मी बघतो. फाइल पुढच्या बुधवारी देऊ. पाटीची खालची कड २.१ मीटरवर चालेल ना?

बी-७०४: चालेल, कुणाचं डोकं लागणार नाही. फक्त रॅम्पच्या तोंडाशी तुळई खाली आहे, तिथे पाटी तुळईआड जाते. ती बाजूच्या भिंतीवर घ्या, उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला, उतार सुरू होण्याच्या ५ मीटर आधी. उतार लागल्यावर वाचून उपयोग नाही, तोवर सायकल सुटलेली असते.

ए-३०२: दुरुस्त केलेली कोरलड्रॉची फाइल मी रविवारी इथे टाकते. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून देते, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर फाँट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात.